पेटंटच्या कागदावरून श्रेय कसे तपासावे : विस्मरणात गेलेल्या कृष्णवर्णीय अभियंत्यांवर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी

विजेचा दिवा ल्युइस लॅटिमर यांनी शोधला, लिफ्ट अलेक्झांडर माइल्स यांनी, रेफ्रिजरेटर जॉन स्टँडर्ड यांनी, वाहतुकीचा सिग्नल गॅरेट मॉर्गन यांनी आणि विजेच्या रेल्वेला वीज पुरवणारा तिसरा रूळ ग्रॅनव्हिल वुड्स यांनी, अशा एका ओळीत एक माणूस आणि एक वस्तू सांगणाऱ्या याद्या फेब्रुवारीत हमखास फिरू लागतात. अमेरिकेत तो कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो आणि आपल्याकडे त्याच महिन्याच्या २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्यामुळे भित्तिपत्रकासाठी किंवा भाषणासाठी मजकूर शोधणाऱ्या शिक्षकांच्या हाती या याद्या आयत्याच पडतात. त्यांतील माणसे खरी आहेत, त्यांची पेटंटे खरी आहेत आणि त्यांची उपेक्षा झाली हेही खरे आहे. मात्र त्यांनी नेमके काय केले, हे जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकीचे सांगितलेले असते. एखादा जाणकार वाचक त्यातली एक ओळ खोडून काढतो, तिच्याबरोबर सारी यादीच निकालात काढतो, आणि आधीच उपेक्षित राहिलेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

हे टाळता येते. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. इंग्रजी वाचता येणे, थोडी चिकाटी आणि संगणक किंवा मोबाइल एवढे पुरे आहे. पुढे दिलेली पद्धत याच कामाची आहे. तिच्यामागे माझी एक ठाम धारणा आहे : नेमके सांगितलेले श्रेय हे फुगवून सांगितलेल्या श्रेयापेक्षा मोठे ठरते, कारण ते कोणालाही खोडता येत नाही.

क्रमांकापासून सुरुवात करावी

यादीतील नाव घेऊन थेट लेख शोधत बसू नये, कारण बहुतेक लेख एकमेकांवरूनच उतरवलेले असतात. आधी पेटंटचा क्रमांक मिळवावा. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या स्वतःच्या शोधयंत्रात १९७६ पूर्वीची पेटंटे नावाने किंवा मजकुरातील शब्दाने सापडतीलच असे नाही. ती क्रमांकाने, तारखेने किंवा वर्गवारीने शोधणेच खात्रीचे. गुगल पेटंट्सवर जुन्या कागदांचा मजकूर यंत्राने वाचून ठेवलेला आहे, परंतु दीडशे वर्षांपूर्वीचा छापा पुसट असल्याने त्या वाचनात नावांची मोडतोड झालेली असते. म्हणून ‘यूएस’ ही दोन रोमन अक्षरे आणि त्यांना जोडून क्रमांक असे लिहून शोधावे आणि मूळ पानांचे चित्र उघडावे. लॅटिमर यांच्यासाठी २५२३८६, यान मॅट्झेलिगर यांच्यासाठी २७४२०७, वुड्स यांच्यासाठी ३७३९१५, एलायजा मॅकॉय यांच्यासाठी १२९८४३ आणि नॉर्बर्ट रिलियू यांच्यासाठी ३२३७ व ४८७९ हे क्रमांक सरावाला उत्तम आहेत.

तारीख पडताळण्याची एक सोपी युक्ती येथेच सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकी पेटंटे मंगळवारीच दिली जातात. मॅकॉय यांच्या पहिल्या पेटंटची तारीख अनेक ठिकाणी १२ जुलै १८७२ अशी छापलेली आढळते. तो दिवस शुक्रवार होता. २३ जुलै हा मंगळवार होता आणि क्रमांकाशी जुळणारी तारीख तीच आहे. कोणतीही तारीख लिहिण्यापूर्वी तिचा वार पाहण्याची सवय लावून घेतली, तर उतरवलेल्या बऱ्याच चुका तिथल्या तिथे पकडता येतात.

१८३६ पूर्वीच्या पेटंटांबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. त्या वर्षी १५ डिसेंबरला पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत सुमारे दहा हजार पेटंटांची कागदपत्रे जळाली आणि त्यांतील थोडीच पुढे परत मिळवता आली. न्यूयॉर्कचे शिंपी टॉमस जेनिंग्ज यांना ३ मार्च १८२१ रोजी कपडे कोरड्या पद्धतीने स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले. पेटंट मिळालेले पहिले ज्ञात आफ्रिकी-अमेरिकी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रक्रियेचे वर्णन आगीत गेले. म्हणून ‘आजच्या ड्राय-क्लीनिंगचे जनक’ असे लिहिण्याला आधार उरत नाही. वर्ष, शहर, व्यवसाय आणि पेटंटचा विषय एवढेच लिहावे.

शीर्षक सोडून शेवटचे परिच्छेद वाचावेत

जुन्या पेटंटची रचना ठरलेली असते. पहिल्या एकदोन पानांवर आकृत्या असतात, त्यांच्या तळाशी संशोधकाची आणि दोन साक्षीदारांची नावे असतात. नंतर वर्णन सुरू होते : अमुक गावचा रहिवासी असलेल्या मी अमुक वस्तूत काही नव्या व उपयुक्त सुधारणा केल्या आहेत, हे सर्वांस विदित व्हावे, अशा थाटाचे. त्यातला ‘सुधारणा’ हा भाग यादी तयार करणारे गाळून टाकतात. वर्णनानंतर, अगदी शेवटी, दावे असतात. आपण नवे काय केले, याची मर्यादा संशोधकाने तिथे स्वतःच आखलेली असते. माझा आग्रह असा की शेवटचे हे चारदोन परिच्छेद आधी वाचावेत, मग आकृत्या पाहाव्यात आणि शीर्षक सर्वांत शेवटी वाचावे.

लॅटिमर यांचे उदाहरण घेऊ. १८४८ साली मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील सहा वर्षांपूर्वीच व्हर्जिनियातील गुलामीतून पळून बोस्टनला आलेले होते. यादवी युद्धात नौदलात काम केल्यावर ते बोस्टनच्या एका पेटंट वकिलांच्या कचेरीत लागले, तेथे पाहून पाहून नकाशे काढायला शिकले आणि मुख्य आरेखक झाले. ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटसाठीच्या आकृत्या त्यांच्याच हातच्या आहेत. पुढे हायरम मॅक्सिम यांच्या वीज कंपनीत असताना, १७ जानेवारी १८८२ रोजी त्यांना २५२३८६ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याचा विषय दिवा हा नाहीच. दिव्यातील कार्बनचा तंतू तयार करण्याची प्रक्रिया हा आहे.

त्या वेळी अडचण अशी होती की कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा कापलेला तंतू बंद भट्टीत जाळून त्याचा कार्बन करताना तो आक्रसतो, आणि भोवतालचे आवरण त्याच्याबरोबर आक्रसत नसेल, तर तो वाकतो किंवा मोडतो. लॅटिमर यांनी तंतू पुठ्ठ्यासारख्या पदार्थाच्या पाकिटात ठेवून जाळण्याची रीत काढली. पाकीटही जळते, तेही साधारण त्याच प्रमाणात आक्रसते आणि आतला तंतू सपाट व अखंड राहतो. एवढीच ही गोष्ट आहे आणि ती किती नेमकी आहे, हे भट्टीसमोर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. याच्या काही महिने आधी, १३ सप्टेंबर १८८१ रोजी, जोसेफ निकोल्स यांच्यासह त्यांना मिळालेले पेटंट हा तंतू धातूच्या तारांना घट्ट कसा जोडावा याविषयी आहे. विजेचा दिवा प्रयोगशाळेतून कारखान्यात येण्यासाठी असे दहा प्रश्न सुटावे लागले आणि त्यांतले दोन लॅटिमर यांनी सोडवले, असे लिहिले तर एडिसन यांचे कोणतेही चरित्र ते वाक्य खोडू शकत नाही. १८८४ पासून ते एडिसन यांच्याकडेच होते आणि पेटंटच्या खटल्यांत त्यांचे ज्ञान कंपनीच्या कामी आले, हेही सोबत सांगावे.

मॅकॉय यांच्या बाबतीतही हीच दृष्टी उपयोगी पडते. केंटकीतून पळून आलेल्या आईवडिलांच्या पोटी कॅनडात जन्मलेला हा मुलगा स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे अभियांत्रिकी शिकून आला आणि मिशिगनच्या रेल्वेत त्याला काम मिळाले ते इंजिनात कोळसा टाकण्याचे व तेल घालण्याचे. आपोआप तेल देणारी साधने त्याआधीही होती. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांचे साधन १८६० च्या सुमारास वापरात आले होते. मॅकॉय यांनी १८७२ च्या पेटंटमध्ये सांगितलेले तेलपात्र इंजिनातील वाफेच्याच दाबाचा उपयोग करून इंजिन चालू असताना सिलिंडरमध्ये तेल सोडते. त्यापुढची चाळीसहून अधिक वर्षे ते याच एका प्रश्नाला धरून राहिले. वाफ अधिक तापवून वापरणारी इंजिने आली, तेव्हा त्या उष्णतेला साधे तेल पुरेना, म्हणून तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून ती न साचता पुढे जाईल अशी रचना त्यांनी केली. तिचे पेटंट २० एप्रिल १९१५ चे आहे. ‘पहिला’ हे विशेषण काढून टाकले तरी या माणसाची उंची इंचभरही कमी होत नाही.

फिरत्या यादीतील ओळी दुरुस्त करताना

आता सुरुवातीच्या ओळींकडे वळू. माइल्स यांचे ११ ऑक्टोबर १८८७ चे पेटंट लिफ्टच्या उभ्या बोगद्याची दारे पाळण्याच्या, म्हणजे माणसे वाहून नेणाऱ्या खोलीच्या, हालचालीनेच उघडावीत व मिटावीत, यासाठीच्या यंत्रणेचे आहे. उघड्या राहिलेल्या दारातून माणसे खाली पडत, त्यावरचा तो उपाय होता. स्टँडर्ड यांचे १८९१ चे ‘रेफ्रिजरेटर’ म्हणजे बर्फ ठेवून थंड राखण्याचे कपाट, हवेचे मार्ग नीट योजलेले. त्या काळी त्या शब्दाचा अर्थच तो होता. ऑल्बनीचे टॉमस एल्किन्स यांचे १८७९ चे पेटंट बाष्पीभवनाने थंडावा आणण्याच्या पेटीचे आहे. अँड्र्यू बिअर्ड यांचे २३ नोव्हेंबर १८९७ चे पेटंट रेल्वेचे डबे आपोआप जोडण्याच्या आकड्याचे आहे खरे, पण इलाय जॅनी यांचा स्वयंचलित आकडा १८७३ चा आहे, आणि १८९३ च्या कायद्याने असे आकडे सक्तीचे झाल्यावर त्यांत अनेकांनी सुधारणा केल्या, त्यांतले एक बिअर्ड. तिसऱ्या रुळाची गोष्ट तर सरळ चुकीची आहे : १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात जर्मन अभियंते वर्नर सीमेन्स यांनी चालवलेल्या छोट्या गाडीला दोन रुळांमधल्या तिसऱ्या पट्टीतूनच वीज दिलेली होती.

मॉर्गन यांच्याबाबत थोडे थांबावे, कारण त्यांचे चुकीचे श्रेय सर्वांत जास्त फिरते आणि खरे श्रेय मागे राहते. त्यांचे राहते शहर क्लीव्हलंड. तिथे विजेच्या दिव्यांचा सिग्नल १९१४ सालीच लागला होता. मॉर्गन यांचे २० नोव्हेंबर १९२३ चे पेटंट हाताने फिरवायच्या, इंग्रजी ‘टी’ आकाराच्या खांबाचे आहे, आणि ‘थांबा’ व ‘जा’ यांखेरीज सर्व दिशांची वाहने एकाच वेळी थांबवणारी स्थिती त्यात आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे धुरात श्वास घेता यावा म्हणून केलेली टोपी, जिचे पेटंट १९१४ चे आहे. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा ती टोपी घालून ते स्वतः आपल्या भावासह आत उतरले आणि माणसे बाहेर काढली. भित्तिपत्रकावर एकच ओळ मावणार असेल, तर मी ही ओळ लिहीन.

यंत्र चालू असताना पाहावे

कागद वाचून झाल्यावर शक्य असेल तिथे ते तत्त्व आज कुठे चालू आहे, हे प्रत्यक्ष पाहावे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला याची एक संधी अगदी हाताशी आहे, आणि ती यादीत बहुधा नसलेल्या माणसाची आहे. नॉर्बर्ट रिलियू यांचा जन्म १८०६ साली न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील गोरे मळेवाले, आई मिश्रवर्णीय स्वतंत्र स्त्री. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेत ते शिकले, तेथेच वाफेच्या इंजिनांवर शिकवू लागले आणि मायदेशी परतल्यावर उसाच्या रसातील पाणी आटवण्याच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला.

त्या काळी लुइझियानात रस आटवला जाई तो एकाच भट्टीवर ओळीने बसवलेल्या उघड्या कढयांत. ज्याने आपल्याकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला ते दृश्य डोळ्यांसमोर आणता येईल. फरक असा की तिथे मोठ्या कढईतला उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी लहान कढईत, तिथून आणखी लहान कढईत ओतत राहण्याचे काम गुलाम स्त्री-पुरुषांकडून करवून घेत. माणसे भाजत, रस सांडे, खालची आच आवरता येत नसल्याने साखर करपून काळी पडे आणि सरपण अफाट लागे. बंद भांड्यातील हवा उपसून रस कमी तापमानाला उकळवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांनी आधीच वापरात आणली होती. रिलियू यांचे म्हणणे असे की रसातून निघणारी वाफ वाया का घालवायची? तिच्यात उष्णता आहेच. ती दुसऱ्या बंद भांड्यातील नळ्यांत सोडावी आणि त्या भांड्यातील दाब पहिल्यापेक्षा कमी ठेवावा, म्हणजे तेथील रस पहिल्यापेक्षा कमी तापमानाला उकळेल आणि पहिल्याची वाफ त्याला उकळवायला पुरेशी गरम ठरेल. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, आणि शेवटच्या भांड्याला निर्वात पंप व थंडावा देणारे यंत्र. दाबाची ही उतरंड नसेल तर साखळी चालत नाही. सगळे मर्म तिच्यात आहे. १८४३ व १८४६ च्या पेटंटांत हे आकृत्यांसह मांडलेले आहे, आणि १८४५ च्या सुमारास मर्टल ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर ते यंत्र यशस्वीपणे चालले.

आता गळीत हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये, म्हणजे रस आटवण्याच्या विभागात, जावे. तिथल्या माणसांना ‘क्वाड’ कुठे आहे असे विचारावे. पहिली बॉडी, दुसरी बॉडी असे म्हणत ते एकापुढे एक उभ्या असलेल्या चार उंच टाक्या दाखवतील. प्रत्येकीच्या वरच्या टोकातून निघालेला जाड पाइप पुढच्या टाकीच्या पोटात शिरलेला दिसेल. त्या पाइपाकडे नीट पाहावे, कारण रिलियू यांचा दावा म्हणजे तोच पाइप. मग टाक्यांवरची तापमापके वाचावीत : पहिलीतला रस शंभर अंशांच्याही पुढे उकळत असतो आणि शेवटच्या टाकीतला साठ अंशांच्या आसपास. सुमारे १५ ब्रिक्सचा, म्हणजे वजनाने १५ टक्के विरघळलेले घन पदार्थ (मुख्यतः साखर) असलेला, रस आत जातो आणि साधारण ६० ब्रिक्सचे सिरप बाहेर येते. म्हणजे १०० किलो रसातून ७५ किलो पाणी उडवावे लागते. एकाच भांड्यात ते उडवायचे तर जवळजवळ तेवढ्याच वजनाची वाफ बॉयलरकडून लागेल. चार भांड्यांच्या साखळीत ती गरज साधारण पावपट होते, प्रत्यक्षात थोडी जास्त. जो बगॅस, म्हणजे जळणासाठी वापरला जाणारा उसाचा चोथा, यामुळे वाचतो, त्यावरच कारखाने वीज तयार करून विकतात. दुधाची भुकटी आणि कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्यांतही हीच साखळी असते.

या कथेची दुसरी बाजू मात्र झाकू नये. ज्या मळ्यांवर हे यंत्र बसले, ते गुलामांच्या श्रमांवर चालत. यंत्राने पळीने रस ओतण्याचे भयंकर काम संपवले, पण मळ्यावरची गुलामी संपवली नाही. रिलियू यांना मळेवाले तज्ज्ञ म्हणून बोलावत, परंतु त्या समाजात त्यांना बरोबरीचे स्थान नव्हते, आणि १८५० नंतर निर्बंध वाढत गेले. ते फ्रान्सला निघून गेले आणि १८९४ साली पॅरिसमध्ये वारले.

वर्ण पेटंटवर लिहिलेला नसतो

नवे नाव हाती लागले की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा. पेटंटच्या कागदावर संशोधकाचा वर्ण नमूद करण्याची पद्धत नव्हती. मेरीलँडचे हेन्री ब्लेअर यांना १८३४ साली मका पेरण्याच्या व १८३६ साली कापूस पेरण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले, तेव्हा पेटंटांच्या सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे वर्णाचा उल्लेख झाला. तो अपवाद होता. त्यांनी सहीच्या जागी फुली केलेली आहे. मग बाकीची नावे आपल्याला कळली कशी? त्यामागे मुख्यतः एका माणसाचे कष्ट आहेत. हेन्री बेकर हे स्वतः कृष्णवर्णीय आणि पेटंट कार्यालयातच साहाय्यक परीक्षक होते. त्यांनी पेटंट वकिलांना, कारखानदारांना, वृत्तपत्रांना पत्रे पाठवून कोणते संशोधक कृष्णवर्णीय आहेत याची माहिती गोळा केली. दक्षिण कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज वॉशिंग्टन मरे यांनी १० ऑगस्ट १८९४ रोजी ९२ पेटंटांची यादी सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घेतली. मरे स्वतः शेतीच्या अवजारांचे पेटंटधारक होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बेकर यांच्या यादीने मोठे रूप घेतले. त्या चौकशीला उत्तर देताना, असा कोणी संशोधक असेल यावरच विश्वास नसल्याचे कळवणारे वकीलही निघाले, हे बेकर यांनी नोंदवून ठेवले आहे.

म्हणून नाव तपासताना ते बेकर यांच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर जनगणनेकडे जावे. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, केवळ वय, लिंग व वर्ण अशी झाली, नावाने नाही. मुक्त झालेल्या सर्वांची नावे प्रथम १८७० च्या नोंदीत येतात. पेटंटवरील गाव, जनगणनेतील गाव आणि व्यवसाय जुळले, तर ओळख पक्की मानायला हरकत नाही. काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ या संग्रहात खुली ठेवली आहेत. त्यांतील कृष्णवर्णीयांनी चालवलेली पत्रे आवर्जून पाहावीत. छायाचित्रांवर भिस्त ठेवू नये, महाजालावर एकाचे चित्र दुसऱ्याच्या नावाखाली सर्रास लावलेले असते.

ज्यांना पेटंट मिळूच शकले नाही

पेटंट हाच एकमेव पुरावा मानला, तर १८६५ पूर्वीची बहुसंख्य माणसे आपल्या लेखनातून आपोआप बाहेर राहतात. मिसिसिपीत ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याकडे नेड नावाचा गुलाम होता. त्याने कापसाच्या ओळी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खरवडणारे अवजार तयार केले. स्टुअर्ट यांनी मालक या नात्याने आपल्या नावे पेटंट मागितले. संशोधकाने आपणच हे शोधले अशी शपथ घ्यावी, असा नियम होता. मालक ती घेऊ शकत नव्हता, कारण शोध त्याचा नव्हता, आणि नेडला ती घेता येत नव्हती, कारण त्याला नागरिकच मानलेले नव्हते. म्हणून पेटंट नाकारले गेले, आणि १० जून १८५८ रोजी अमेरिकेच्या महान्यायवादींनी हाच निर्णय कायम केला. पेटंट नाही म्हणून स्टुअर्ट यांचे काही अडले नाही. त्यांनी ते अवजार विकायला काढले, आणि त्याच्या जाहिरातीत, गुलामीने माणसाची बुद्धी खुरटते हा आरोप खोटा ठरला, असे सांगण्यासाठी नेडच्याच बुद्धीचा दाखला वापरला. पुढे दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी १८६१ साली स्वतःचा पेटंट कायदा केला, तेव्हा गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाला मिळण्याची सोय त्यात मुद्दाम केली.

अशा माणसांसाठी वेगळे कागद शोधावे लागतात : मळ्यांच्या हिशेबवह्या, मालकांची पत्रे, शेतकी मासिकांतील जाहिराती, सरकारी पत्रव्यवहार. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींसाठी पंखा तयार करणारे बेंजामिन माँटगोमेरी आपल्याला माहीत आहेत ते अशाच कागदांमुळे.

मालकी कोणाकडे गेली, ते पाहावे

पेटंटच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत हस्तांतराची ओळ असते. ती सोडू नये. लॅटिमर यांच्या तंतूचे पेटंट कंपनीच्या नावे आहे. सुरिनाममध्ये जन्मलेले मॅट्झेलिगर मॅसॅच्युसेट्समधील लिन शहरातील बुटांच्या कारखान्यात काम करत. बुटाचा वरचा भाग साच्यावर ओढून तळाशी बसवण्याचे काम हातानेच होई आणि कुशल कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करी. मॅट्झेलिगर यांनी सिगारच्या पेट्या, तारा, खिळे असे मिळेल ते वापरून नमुने बनवले, भांडवलासाठी दोन गुंतवणूकदारांना दोन-तृतीयांश हिस्सा दिला, आणि २० मार्च १८८३ रोजी मिळालेल्या पेटंटमधील यंत्र दिवसाला १५० ते ७०० जोड करू लागले. १८८९ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते क्षयाने वारले. त्यांच्या यंत्रावर उभ्या राहिलेल्या उद्योगाची भरभराट त्यांच्यानंतरची आहे. एलेन एग्लिन यांनी १८८८ साली कपडे पिळण्याच्या यंत्राचे हक्क १८ डॉलरला विकले आणि कारण स्पष्ट सांगितले : ते कृष्णवर्णीय स्त्रीचे आहे असे कळले, तर गोऱ्या स्त्रिया ते विकत घेणार नाहीत. मॉर्गनही दक्षिणेकडे आपली टोपी विकताना गोऱ्या माणसाला पुढे करत.

वाद झाला असेल तर त्याचे कागद सर्वांत बोलके असतात. वुड्स यांचे २९ नोव्हेंबर १८८७ चे पेटंट धावत्या गाडीतून स्थानकाशी तारेने संदेश पाठवण्याचे आहे. डब्याला बसवलेल्या वेटोळ्याचा आणि रुळालगतच्या तारेचा एकमेकांना स्पर्श न होता, केवळ प्रवर्तनाने, म्हणजे एकातील बदलत्या प्रवाहाच्या चुंबकीय परिणामाने दुसऱ्यात प्रवाह निर्माण होऊन, संदेश जातो. त्याच कल्पनेवर लुशियस फेल्प्स यांनीही हक्क सांगितला होता. अशा वेळी पेटंट कार्यालय कोणाला आधी सुचले हे दिनांकित टिपणे, नमुने आणि साक्षी यांवरून ठरवते. तो निर्णय वुड्स यांच्या बाजूने लागला. त्यांना ‘कृष्णवर्णीय एडिसन’ म्हणत. आपल्या शंकर आबाजी भिसे यांनाही न्यूयॉर्कमध्ये राहून छपाईची यंत्रे घडवताना ‘भारताचे एडिसन’ हेच बिरूद चिकटले. अशी उपमा लेखात घेऊ नये असे मला वाटते. तिच्यामुळे वाचकाला एडिसन आठवतात आणि प्रवर्तनाने चालणारी तार राहून जाते.

लिहायला बसल्यावर

प्रत्येक व्यक्तीसाठी आधी एक वाक्य तयार करावे, ज्यात वर्ष, ठिकाण, आधीची अडचण आणि नेमकी सुधारणा या चारही गोष्टी येतील. उदाहरणार्थ : ‘१८८७ साली मिनेसोटातील डुलूथ येथील अलेक्झांडर माइल्स यांनी, लिफ्टची दारे हाताने लावायची राहून गेल्याने होणारे अपघात टळावेत म्हणून, पाळण्याच्या हालचालीनेच ती उघडतील व मिटतील अशा यंत्रणेचे पेटंट घेतले.’ हे वाक्य लांब आहे, पण त्यातला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही. ‘पहिला’, ‘जनक’ आणि ‘एकमेव’ हे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत. जुन्या इंग्रजी कागदांतील वर्णवाचक शब्द जसेच्या तसे मराठीत आणू नयेत. कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकी-अमेरिकी लिहावे, आणि कॅनडात किंवा सुरिनाममध्ये जन्मलेल्यांचे जन्मस्थान स्वतंत्रपणे नमूद करावे. जिथे पूर्ण नाव उपलब्ध नाही, तिथे नेडसारखे एकच नाव असले तरी ते मालकाच्या नावाआधी यावे. लेखासोबत पेटंटमधील आकृती छापावी. जुन्या पेटंटांच्या आकृत्या कोणालाही वापरता येतात, आणि तिच्याखाली पेटंटचा क्रमांक इंग्रजी अंकांतही द्यावा, म्हणजे वाचकाला तो तसाच टंकित करून मूळ कागद स्वतः उघडता येईल.